वकिलानेच फसवले तर: आधी केस वाचवा, मग वकिलाचा हिशेब

वर्षानुवर्षे ‘पुढची तारीख पडली’ एवढेच ऐकत राहायचे आणि एक दिवस कळायचे, की दावा दोन वर्षांपूर्वीच काढून टाकला गेला आहे. अपघाताची भरपाई मंजूर होते, पण विधवेच्या हातात निम्मीच रक्कम पडते. वतनाच्या जमिनीच्या वादात आपल्या नावाने तडजोड झाली, हे सातबारा काढल्यावर समजते. अशा तक्रारी घेऊन आपले लोक पोलीस ठाण्यात जाण्याआधी विहारात, मंडळाच्या बैठकीत, ओळखीच्या कार्यकर्त्याच्या घरी येतात. त्या वेळी कार्यकर्त्याला पुढचे पाऊल माहीत नसेल, तर सहानुभूतीशिवाय देण्यासारखे काही उरत नाही.

आपल्या वस्तीत काळ्या कोटाला मान आहे. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा आणि त्या प्रकरणातला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ चा. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर म्हणून ही दहा वर्षांची कोर्टाची लढाई लढले, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असते. त्या मानापोटीच वकिलाकडे पावती मागायला, फाइल बघायला जीभ उचलत नाही. वकील चळवळीतला, ‘आपलाच माणूस’ असला तर मग विचारायलाच नको.

लढाया दोन आहेत

फसवणूक लक्षात आली की माणूस चिडतो. वकिलाची सनद रद्द करा, त्याच्यावर गुन्हा दाखल करा, असे म्हणतो. राग योग्य आहे, पण क्रम चुकतो. इथे दोन वेगळ्या लढाया आहेत. एक तुमच्या मूळ केसची: जमीन, भरपाई, नोकरी, घर. दुसरी वकिलाविरुद्धची. दुसरी लढाई जिंकलात म्हणून पहिली आपोआप जिंकली जात नाही. वकिलाची सनद गेली तरी कोर्टाने काढून टाकलेला दावा परत उभा राहत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. आणि त्या अर्जाची मुदत फार लहान आहे.

वादी गैरहजर राहिल्याने दिवाणी दावा काढून टाकला असेल, तर तो पुन्हा फाइलवर घेण्याचा अर्ज काढून टाकल्याच्या तारखेपासून ३० दिवसांत करायचा असतो. तुमच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर तो रद्द करून घेण्यासाठीही ३० दिवसच. समन्स तुम्हाला नीट बजावलेच नसेल, तर हे दिवस हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात. गुणदोषावर निकाल लागून तुम्ही हरला असाल तर जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. निकालाची नक्कल मिळायला लागलेला वेळ अपिलाच्या मुदतीतून वजा होतो, म्हणून नकलेचा अर्ज पहिल्याच दिवशी टाकावा.

इथे कार्यकर्त्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे. अशा प्रकरणात आपण पहिली गोष्ट काय करतो? बैठक बसवतो. वकीलसाहेबांना बोलावतो, ते पुढच्या रविवारी येतो म्हणतात, मग गावाला जातात, मग ‘अर्ज टाकलाय, होईल’ असे सांगतात. दोन-तीन महिने सहज जातात. समजुतीने प्रश्न सुटत असेल तर आनंदच आहे, पण बैठक चालू आहे म्हणून मुदतीचा कायदा थांबत नाही. बैठक बसवायची असेल तर बसवा, मात्र नकलेचा अर्ज आणि नव्या वकिलाचा शोध त्याच आठवड्यात सुरू करा.

मुदत आधीच उलटून गेली असेल तरी सगळे संपले असे नाही. मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रफीक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात म्हटले. वकील हजर न राहिल्याने उच्च न्यायालयाने काढून टाकलेले अपील न्यायालयाने परत सुनावणीला घ्यायला लावले आणि खर्च त्या गैरहजर वकिलाकडून वसूल करण्याचा आदेश दिला. हा निकाल आजही दाखवला जातो. पण त्यावर डोळे झाकून विसंबू नका. नंतरच्या अनेक निकालांत न्यायालयांनी उलट प्रश्न विचारला आहे: वकील येत नव्हता, तर तुम्ही स्वतः पाच वर्षांत एकदाही कोर्टात का गेला नाहीत? म्हणून विलंब माफीच्या अर्जात ‘वकिलाने फसवले’ एवढे एकच वाक्य पुरत नाही. कधी भेटलो, वकील काय म्हणाले, कोणत्या तारखेला पैसे दिले, खरी स्थिती कोणत्या दिवशी आणि कशी कळली, हे सगळे तारखांसह लिहावे लागते आणि जमेल तिथे पुरावा जोडावा लागतो.

वकिलाने तुमच्या संमतीशिवाय तडजोड केली असेल तर वाट वेगळी आहे. पक्षकाराच्या स्पष्ट सूचनेशिवाय वकिलाला त्याचा हक्क सोडून देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हिमालयन को-ऑपरेटिव्ह ग्रुप हाउसिंग सोसायटीच्या प्रकरणात सांगितले आहे. मात्र तडजोडीचा हुकूमनामा रद्द करण्यासाठी नवीन दावा चालत नाही. ज्या कोर्टाने तो हुकूमनामा केला, त्याच कोर्टात अर्ज करावा लागतो. नवीन दाव्यात दोन-चार वर्षे घालवून मग हे कळणारे लोक कमी नाहीत.

फौजदारी केसमध्ये धोका आणखी जवळ असतो. २०१८ मध्ये भीमा कोरेगावच्या घटनेनंतरच्या बंदमध्ये राज्यभर तरुणांवर गुन्हे दाखल झाले. मोर्चा-आंदोलनाच्या केसेस तर कायमच्याच. वकील ‘तुम्ही येऊ नका, मी बघतो’ म्हणतो, स्वतःही जात नाही आणि अजामीनपात्र वॉरंट निघते. असे कळले तर लपून बसू नका. दुसरा वकील घेऊन स्वतः कोर्टात हजर व्हा आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या. कोर्टाने रद्द करेपर्यंत किंवा बजावणी होईपर्यंत वॉरंट जिवंतच राहते आणि नेमके पोलीस पडताळणीच्या वेळी समोर येते.

खरी स्थिती कशी शोधायची

वकिलाला विचारण्याआधी कोर्टाला विचारा. प्रत्येक केसला १६ अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर टाकला की मागच्या तारखा, पुढची तारीख आणि बऱ्याचदा आदेशही दिसतात. क्रमांक नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधता येते. नाव कुठेच सापडत नसेल, तर केस दाखलच झालेली नसण्याची शक्यता धरून चला. मात्र नावाचे स्पेलिंग वेगळे असू शकते, म्हणून कोर्टाच्या कार्यालयात जाऊन खात्री करा.

मोबाइलवर दिसते ते माहितीपुरते. खरे कागद म्हणजे रोजनामा आणि आदेशाच्या प्रमाणित नकला. रोजनाम्यात प्रत्येक तारखेला कोण हजर होते, कोण नव्हते, काय झाले, हे लिहिलेले असते. वकील सलग गैरहजर होता हे सिद्ध करायला रोजनाम्याइतका चांगला पुरावा नाही. पक्षकाराला स्वतःच्या केसच्या नकला स्वतः अर्ज करून मिळतात, त्यासाठी वकिलाच्या परवानगीची गरज नसते.

समोरचा माणूस खरोखर वकील आहे का, हेही तपासा. कोर्टाच्या आवारात पांढरा शर्ट घालून फिरणारा प्रत्येक जण सनदधारक नसतो. वकीलपत्रावर सनद क्रमांक असतो आणि त्याची खात्री बार कौन्सिलकडे करता येते. सनद नसताना वकिली करणे हा ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ४५ खाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत.

वकील बदलताना

वकील बदलणे हा पक्षकाराचा हक्क आहे. रीत अशी, की जुन्या वकिलाची ‘ना हरकत’ घेऊन नवा वकील वकीलपत्र दाखल करतो. जुना वकील ना हरकत देत नसेल तर कोर्टाची परवानगी घेऊन वकील बदलता येतो. तोंडी भांडत बसू नका. रजिस्टर पोस्टाने किंवा स्पीड पोस्टाने पत्र पाठवा: माझे वकीलपत्र रद्द समजावे, सर्व मूळ कागद परत करावेत, घेतलेल्या रकमेचा हिशेब द्यावा. पोचपावती जपून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी ती लागते.

‘आधी राहिलेली फी द्या, मग फाइल नेा’ असे कुणी म्हणाले तर त्याला कायद्याचा आधार नाही. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात दिला आहे. फी खरोखर बाकी असेल तर वकिलाने ती वेगळ्या मार्गाने वसूल करावी.

जमिनीच्या कामात कोऱ्या कागदावर किंवा स्टॅम्पवर सह्या दिल्या असतील, कुलमुखत्यारपत्र करून दिले असेल, तर ते लगेच रद्द करा. नोंदणीकृत असेल तर रद्दपत्रही नोंदवा आणि त्याची लेखी माहिती तलाठी व दुय्यम निबंधक कार्यालयाला द्या. १९५८ च्या कनिष्ठ गाव वतन निर्मूलन कायद्याखाली परत मिळालेल्या महार वतनाच्या जमिनी जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाहीत. त्यामुळे कुलमुखत्यारपत्राच्या आधारे परस्पर खरेदीखत झाले असेल, तर परवानगीची फाइल मागा. पुष्कळदा खरी गोष्ट तिथेच उघडी पडते.

हरणे म्हणजे फसवणूक नव्हे

तक्रार लिहिण्याआधी हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा. वकिलाने सगळ्या तारखा केल्या, पुरावे मांडले, युक्तिवाद केला आणि तरी केस हरली, तर ती तक्रारीची बाब नाही. सल्ला चुकला, अंदाज चुकला, एखादी तारीख चुकली, एवढ्यावरही शिस्तभंगाची कारवाई बहुधा टिकत नाही. साधा निष्काळजीपणा आणि व्यावसायिक गैरवर्तन यांत न्यायालयांनी फरक केला आहे. गैरवर्तन म्हणजे त्याहून गंभीर: पक्षकाराचे पैसे खाणे, खोटी तारीख किंवा खोटा आदेश दाखवणे, विरुद्ध पक्षाशी हातमिळवणी करणे, त्याच प्रकरणात उलट बाजूने उभे राहणे, दावा दाखल न करताच दाखल केल्याचे सांगून फी घेत राहणे, कागद परत न करणे.

एक प्रकार इतका रूढ झाला आहे की तो गैर आहे हेच लोकांना ठाऊक नसते: टक्क्यांवर केस. ‘भरपाई मिळाली की तीस टक्के माझे.’ बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा वादातल्या रकमेत वाटा घ्यायला बंदी आहे. मोटार अपघाताच्या दाव्यात भरपाईची रक्कम थेट दावेदाराच्या बँक खात्यात जमा व्हावी, असा अर्ज न्यायाधिकरणाकडे देता येतो. ॲट्रॉसिटीच्या प्रकरणात पीडिताला मिळणारे अर्थसाहाय्य सरकार टप्प्याटप्प्याने देते. ते मंजूर करून देण्याबद्दल कुणी वाटा मागत असेल तर तो कायदेशीर नाही, मग तो वकील असो की पुढारी.

वकिलाविरुद्ध काय करता येते

ग्राहक मंचाचा दरवाजा आता बंद आहे. जुन्या लेखांत आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या संदेशांत अजून ‘ग्राहक न्यायालयात जा’ असा सल्ला दिसतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००७ मध्ये वकिलांची सेवा ग्राहक कायद्यात येते असे म्हटले होते. पण १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बार ऑफ इंडियन लॉयर्स विरुद्ध डी. के. गांधी या प्रकरणात तो निर्णय फिरवला. वकिलाच्या सेवेतील त्रुटीची तक्रार आता ग्राहक आयोगात चालत नाही. हा निकाल सामान्य पक्षकाराच्या दृष्टीने तोट्याचा झाला, असे माझे मत आहे, कारण ग्राहक आयोग हा त्यातल्या त्यात स्वस्त मार्ग होता. पण कायदा आज हाच आहे आणि तिथे अर्ज करून वेळ घालवू नये.

राहिलेले मार्ग तीन.

पहिला, बार कौन्सिल. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली ज्या राज्याच्या बार कौन्सिलकडे वकिलाची नोंद आहे तिथे तक्रार करायची, आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, मुंबई. तक्रार सही आणि सत्यापनासह, ठरलेले शुल्क भरून द्यावी लागते. ती मराठीत दिली तरी चालते, इंग्रजी येत नाही म्हणून अडण्याचे कारण नाही. कौन्सिलला प्रथमदर्शनी तथ्य वाटले तर प्रकरण शिस्तपालन समितीकडे जाते, वकिलाला नोटीस निघते, दोन्ही बाजूंचे पुरावे होतात. समिती ताकीद देऊ शकते, ठरावीक काळ सनद निलंबित करू शकते किंवा नाव यादीतून कायमचे काढू शकते. एक वर्षात निर्णय झाला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते (कलम ३६-ब). निर्णय मान्य नसेल तर ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि तिथून पुढे ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते.

लक्षात घ्या, बार कौन्सिलचा अधिकार मुख्यतः सनदेवर आहे. तुमचे नुकसान भरून देणे हे तिचे काम नाही. तरीही बुडालेले पैसे परत येण्यात या तक्रारीचा उपयोग होतो, कारण नोटीस निघाली की अनेक वकील तडजोडीला येतात. तडजोड झाली म्हणून चौकशी आपोआप बंद झालीच पाहिजे, असेही नियमांत नाही. वकील संघाकडे म्हणजे तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या बार असोसिएशनकडे केलेली तक्रार वेगळी. तिथे समजूत घातली जाऊ शकते, पण सनदेवर कारवाईचा अधिकार त्यांना नाही. दोन्हींची गल्लत करू नका.

दुसरा मार्ग, दिवाणी दावा. वकील आहे म्हणून निष्काळजीपणाच्या भरपाईतून सूट नाही, हे १९२६ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स (फीज) ॲक्टच्या कलम ५ मध्येच आहे. फी परत मिळवण्यासाठी आणि नुकसानीसाठी दावा करता येतो, मुदत साधारण तीन वर्षांची. फसवणूक लपवून ठेवली असेल तर ती उघड झाल्यापासून मुदत मोजली जाते. अडचण पुराव्याची: वकिलाने नीट काम केले असते तर मूळ केस जिंकली असती, हेही दाखवावे लागते. रोख दिलेल्या फीची पावती नसेल तर बँकेतून पैसे काढल्याची नोंद, यूपीआयचा तपशील, साक्षीदार, ‘पैसे मिळाले’ असा व्हॉट्सॲप संदेश, जे असेल ते जमवा. मोबाइलवरचे पुरावे कोर्टात देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते. नुसते स्क्रीनशॉट काढून फोन विकून टाकू नका, मूळ फोन जपा.

तिसरा, फौजदारी तक्रार. काम नीट केले नाही हा गुन्हा होत नाही. पैसे खाल्ले, खोटा कागद बनवला, हा होतो. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्याआधीच्या घटनांना जुनी दंड संहिता. फसवणुकीसाठी कलम ३१८(४), म्हणजे जुने ४२०, शिक्षा सात वर्षांपर्यंत. सोपवलेल्या पैशांच्या अपहाराला कलम ३१६. एजंट किंवा मुखत्यार या नात्याने घेतलेल्या रकमेचा अपहार असेल तर त्याचे पोटकलम ५, त्यात जन्मठेपेपर्यंतची तरतूद आहे. कोर्टाचा बनावट आदेश दाखवला असेल तर कलम ३३७, आणि अशा प्रकरणात तो बनावट कागदच सर्वात मोठा पुरावा असतो. त्याची मूळ प्रत कुणाच्याही हाती देऊ नका.

पोलीस बहुधा ‘ही दिवाणी बाब आहे’ म्हणून परत पाठवतील. मग तक्रार लेखी देऊन पोच घ्या, पोलीस अधीक्षकांना ती टपालाने पाठवा, आणि तरी दखल घेतली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली प्रतिज्ञापत्रासह अर्ज करा. शहरात अधीक्षकांच्या जागी पोलीस आयुक्तालयातील वरिष्ठ अधिकारी असतात.

ॲट्रॉसिटी कायदा लावावा का, हा प्रश्न हमखास येतो. प्रत्येक फसवणूक ॲट्रॉसिटी होत नाही. वकील अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर हा कायदा लागूच होत नाही. बिगर-अनुसूचित वकिलाने जमीन बेकायदा बळकावली किंवा स्वतःच्या नावे करून घेतली, जमिनीवरून बेकायदा हुसकावले, किंवा चारचौघांत जातीवरून अपमान केला, तर ती कलमे लागू शकतात. तसे काही घडलेले नसताना दबाव म्हणून कलम लावायचा आग्रह धरला तर मूळ फसवणुकीची खरी तक्रारही कमकुवत होते.

वकिलाचा फोटो टाकून ‘या भामट्यापासून सावध’ असा मजकूर व्हायरल करण्याचा मोह तरुणांना होतो. मानहानीची केस अंगावर येते आणि फिर्यादीचा आरोपी होतो. तक्रार दाखल झाल्यावर तिची वस्तुस्थिती सांगणे वेगळे, निकालाआधी चोर ठरवणे वेगळे.

वकिलाविरुद्ध वकील कुठून आणायचा

तालुक्याच्या कोर्टात वीस-पंचवीस वकील, सगळे एकमेकांचे मित्र. आपल्याच सहकाऱ्याविरुद्ध उभे राहायला कुणी तयार होत नाही. अशा वेळी जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, तसेच सर्व महिला आणि बालकांना, उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचाही यात समावेश होतो, जातीचा दाखला सोबत ठेवावा. कोर्ट फी आणि नकलांचा खर्चही या मदतीत येतो. वकिलाविरुद्धच्या दाव्यासाठी आणि मूळ केस परत उभी करण्यासाठी, दोन्हीसाठी अर्ज करता येतो. अर्जातच ‘संबंधित वकील याच तालुक्यात काम करतात, म्हणून बाहेरचा वकील द्यावा’ असे लिहा. माहितीसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१०० आहे. बार कौन्सिलपुढील तक्रार तर तक्रारदार स्वतःही चालवू शकतो.

प्राधिकरणाने दिलेल्या वकिलाला पक्षकाराकडून एक रुपयाही घेता येत नाही, ‘टायपिंगचे’ किंवा ‘साहेबांच्या चहापाण्याचे’ म्हणूनसुद्धा नाही. मागितले, किंवा तोही तारखेला येईनासा झाला, तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी अर्ज द्या. वकील बदलून मागता येतो.